जुन्या गाडीला नवा रंग: खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी २००४ सालची पांढरी मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली. तिला आजवर दोनदा पूर्ण रंग दिला. पहिल्यांदा २०१६ साली, स्वस्तात, आणि तो फसला. दुसऱ्यांदा २०२३ च्या डिसेंबरात, नीट. दोन्ही वेळचा हिशोब वहीत लिहिलेला आहे. त्यामुळे ओळखीत कुणाची जुनी गाडी फिकी पडली की फोन मला येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी मांडून ठेवतो आहे. आकडे कोल्हापूर-सांगलीकडच्या गॅरेजांचे आहेत. पुण्या-मुंबईला मजुरी चढते, साहित्याचा भाव साधारण तोच राहतो.

पूर्ण गाडी रंगवायला एकूण किती पैसे लागतात?

८००, अल्टो, सँट्रो, वॅगनआर अशा छोट्या गाडीला चांगल्या खाजगी गॅरेजात ३० ते ४५ हजार धरा. डिझायर, सिटीसारख्या गाडीला ४० ते ६० हजार. स्कॉर्पिओ, इनोव्हा असेल तर ६० हजारांच्या पुढेच. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये छोट्या गाडीचेच ५५ ते ८० हजार होतात, आणि बिलावर १८ टक्के जीएसटी.

पण हे आकडे पत्रा धड असलेल्या गाडीचे आहेत. वीस वर्षांच्या गाडीचा पत्रा धड आहे की नाही, हे फोनवर कुणालाच सांगता येत नाही. आमची गाडी आता ज्यांच्याकडे रंगवली त्या पेंटरमामांनी पहिल्या भेटीत आकडाच सांगितला नाही. गाडी जॅकवर घेतली, मॅट उचलल्या, दरवाज्यांच्या खालच्या कडा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "आधी तळ बघू दे, मग भाव सांगतो." गाडी न बघता ठाम आकडा देणाऱ्यापेक्षा असा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

तुमच्या गाडीला नेमके किती लागले? कशाकशाला?

एकूण ३६,५०० रुपये. पत्राकामाला ७,५००. त्यात दोन्ही बाजूंच्या रनिंग बोर्डचा (दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीचा) सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, डिकीची खालची कड बदलली आणि चालकाच्या पायाखाली एक ठिगळ लावलं. काचा, दिवे, हँडल, बीडिंग (काचा-दारांच्या कडेच्या पट्ट्या) उतरवून परत बसवायला २,५००. घासाई, लांबी (खड्डे भरून पत्रा सपाट करायची पुट्टी), प्रायमर (रंगाखालचं अस्तर) आणि रंग यांची मजुरी १२,०००. साहित्य ११,०००. नवी रबर बीडिंग, क्लिपा आणि मोनोग्राम (गाडीच्या नावाची अक्षरं) ३,५००.

यातला रंग आणि त्याचा हार्डनर (रंग घट्ट करणारं द्रव) एवढ्याचेच पैसे काढले तर ते ५,००० च्या आसपास होतात. म्हणजे साडेछत्तीस हजारांतले पाच हजार दिसणाऱ्या रंगाचे. बाकी सगळे त्याच्या खाली काय आहे त्याचे. रंगाच्या खर्चाबद्दल कुणीही विचारलं की मी आधी हेच सांगतो, कारण भाव करताना लोक रंगाच्या ब्रँडवर घासाघीस करतात आणि पैसा मात्र घासाईत आणि पत्र्यात असतो.

मग १५-१८ हजारांत पूर्ण गाडी करून देणारे कसं काय करतात?

बरीच कामं गाळून. २०१६ साली मी अशाच एका गॅरेजात १७ हजारांत रंग करून घेतला. गाडी सहाव्या दिवशी परत मिळाली, आरशासारखी चमकत होती. घरी सगळे खूश. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या चाकाच्या वर तांदळाच्या दाण्याएवढे फोड आले. तिसऱ्यात ते चिंचोक्याएवढे झाले. एक फोड मी नखाने टोकरला तर लांबीचा बोटभर जाड पापुद्राच हातात आला, आणि त्याच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा. सडलेल्या पत्र्याला पडलेलं भोक कागद कोंबून बुजवलं होतं आणि वरून लांबी थापून रंग मारला होता. कागदाने पाणी धरून ठेवलं, आणि जिथे आधी रुपयाएवढं भोक होतं तिथे तळहाताएवढं झालं. २०२३ च्या पत्राकामातला बराचसा खर्च त्या १७ हजारांतूनच आला, असं मी धरतो.

स्वस्तात आणखी काय गळतं? बीडिंग आणि हँडल न काढता त्यांच्याभोवती टेप लावून रंग मारतात. त्या कडेतून वर्षभरात रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. जुना रंग नीट घासला जात नाही, मग नवा त्याला धरत नाही. आणि टू-केऐवजी एनसी रंग वापरतात. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

"पॅनेलला इतके" असा भाव सांगतात. गाडीला पॅनेल किती?

चार दारांच्या गाडीला साधारण तेरा: बॉनेट, पुढचे दोन फेंडर, चार दरवाजे, मागचे दोन क्वार्टर (मागच्या चाकांवरचा पत्रा), छत, डिकी आणि दोन बंपर. आमच्या ८०० चे बंपर काळ्या प्लॅस्टिकचे आहेत, त्यामुळे अकराच. खाजगी गॅरेजात पॅनेलला १,८०० ते ३,००० आणि सर्व्हिस सेंटरला ३,५०० ते ५,५०० असा भाव चालतो. रनिंग बोर्ड आणि काचेच्या बाजूचे पिलर त्यात धरले आहेत का, हे आधीच विचारा. वाद नेहमी तिथेच होतो. पूर्ण गाडी असेल तर नुसत्या रंगकामाचा ठोक भाव पॅनेलच्या बेरजेपेक्षा कमी पडायला हवा, कारण मास्किंग (रंग नको तिथे कागद-टेप लावणं) आणि शेड बनवणं एकदाच होतं.

एनसी, टू-के, सॉलिड, मेटॅलिक. यातलं काय घ्यावं?

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आपल्याकडचे जुने लोक त्याला सरसकट ड्यूको म्हणतात. तो नुसत्या हवेवर पटकन वाळतो आणि स्वस्त असतो, पण उन्हात दोनेक वर्षांत त्याची चमक जाते. टू-के म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन डबे एकत्र करून मारायचा पॉलियुरेथेन. तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो, ऊन-पावसाला टिकतो आणि पेट्रोल सांडलं तरी डाग धरत नाही. पूर्ण गाडीला आज टू-केच घ्यावा. साहित्यात फरक चार-पाच हजारांचा पडतो आणि तो वाचवण्यासारखा नाही.

तुमच्या गाडीवर आधी काय मारलं आहे हे ओळखायचं असेल तर दाराच्या आतल्या कडेला थिनरमध्ये भिजवलेला कापूस (पांढऱ्या गाडीला गडद फडकं) घासून बघा. त्याला रंग लागला तर एनसी. तसा असेल तर तो पूर्ण काढूनच पुढचं काम करायला लावा, कारण एनसीवर टू-के मारला की खालचा थर सुरकुततो. त्या खरवडण्याचे तीन-चार हजार वेगळे लागतात.

सॉलिड (चमकी नसलेला साधा) पांढरा किंवा लाल हा सगळ्यात स्वस्त. मेटॅलिकला आधी बेस (रंगाचा थर) आणि वर क्लिअर (पारदर्शक थर) असे दोन टप्पे लागतात, म्हणून पाच-सात हजार जास्त. पर्लला (मोत्यासारखी झाक असलेल्या रंगाला) त्याहून जास्त, आणि पेंटरचा हातही तसा लागतो.

रंग फक्त फिका पडला आहे. रंगवायलाच हवं का?

बऱ्याचदा नाही! हा प्रश्न आधी विचारणाऱ्यांचे पैसे वाचतात. पांढऱ्या फडक्यावर (गाडी पांढरी असेल तर गडद फडक्यावर) थोडं रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट, घेऊन बॉनेटच्या कोपऱ्यात वीतभर जागा घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तो सॉलिड रंग आहे, वर क्लिअर नाही. फक्त वरचा थर उन्हाने मेला आहे. खालून ताजा रंग निघत असेल तर २,००० ते ४,००० रुपयांत कंपाउंड-पॉलिश करून गाडी दोन-तीन वर्षं छान दिसते. जुन्या लाल गाड्यांच्या बाबतीत तर हा बदल बघून माणूस थक्क होतो.

फडक्याला गाडीचा रंग लागलाच नाही तर वर क्लिअर आहे. तो नुसता धुरकट झाला असेल तर तोही पॉलिशने उजळतो. पण छतावर आणि बॉनेटवर त्याचे पांढुरके पापुद्रे सुटत असतील तर पॉलिशचा उपयोग नाही, ती पॅनेल रंगवावीच लागतात.

एक मात्र लक्षात ठेवा. कंपनीच्या रंगाची सगळ्या थरांसकट जाडी १०० ते १३० मायक्रॉन असते, साधारण वहीच्या एका पानाएवढी. दर सहा महिन्यांनी मशीनने कंपाउंड मारत राहिलात तर प्रायमर दिसायला वेळ लागत नाही.

गंज असेल तर खर्च किती वाढतो?

इथे अंदाज सगळ्यात जास्त चुकतात. वरवरचा गंज असेल तर घासून, गंजरोधक लावून, इपॉक्सी प्रायमर मारून काम होतं. पॅनेलमागे पाचशे-हजार रुपये. पत्रा कुजला असेल तर कापून नवा जोडणं हाच उपाय, आणि त्याला जागेप्रमाणे १,५०० पासून ५,००० पर्यंत लागतात. दरवाजा खालून पूर्ण गेला असेल तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा भंगारबाजारातून चांगला दरवाजा आणणं स्वस्त पडतं.

रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोवा या पट्ट्यात वापरलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेचा खर्च आधीच धरून ठेवा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या किनारपट्टीच्या गाडीतही फ्लोअर आणि मागच्या चाकांच्या कमानी आतून पोखरलेल्या सापडतात.

गंज कुठून सुरू होतो ते कळलं तर तो थांबवता येतो. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निथळायला लहान भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की काचेच्या फटीतून उतरलेलं पावसाचं पाणी आतच साचतं. आमच्या गाडीच्या डाव्या मागच्या दारातून रंगाआधी पेलाभर गढूळ पाणी निघालं, तेही डिसेंबरात! आता दर मे महिन्यात मी ती भोकं तारेने मोकळी करतो. रंग झाल्यावर तळाला अँटी-रस्ट कोटिंग करून घ्या. छोट्या गाडीला ते तीन-चार हजारांत होतं.

एकच दरवाजा रंगवला तर शेड जुळेल का?

सॉलिड पांढऱ्याचं बऱ्यापैकी जुळतं. सिल्व्हरचं अवघड. मेटॅलिकमधले चमकीचे कण स्प्रे गनचा दाब आणि अंतर यांप्रमाणे वेगळे बसतात, म्हणून चांगला पेंटर शेजारच्या पॅनेलवर रंग हलका विरवत नेतो आणि क्लिअर दोन्हींवर मारतो. त्याचे पैसे मागितले तर ती लूट नव्हे.

गाडीचा कलर कोड मारुतीत बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, काही कंपन्यांच्या गाड्यांत दाराच्या खांबावर. मारुतीचा सुपीरियर व्हाइट म्हणजे २६यू, सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड२एस. मात्र वीस वर्षं उन्हात राहिलेल्या गाडीचा रंग कोडाप्रमाणे राहिलेला नसतो. दुकानात पेट्रोल टाकीचं झाकण काढून न्या, ते पॉलिश करा आणि त्याच्याशी जुळवून शेड बनवून घ्या.

रंगच बदलायचा असेल तर?

खर्च १० ते १५ हजारांनी वाढतो, कारण दारांच्या आतल्या कडा, डिकीचा आतला भाग, बॉनेटची खालची बाजू हे सगळं रंगवावं लागतं. नाहीतर दार उघडलं की जुना रंग दिसतो. शिवाय आरसी बुकात रंगाची नोंद असते. आरटीओत अर्ज करून ती बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. मी स्वतः जुन्या गाडीचा मूळ रंग बदलण्याच्या विरोधात आहे. तिची ओळख त्या रंगात असते.

विम्यातून रंगाचे पैसे मिळतात का?

फिकेपणा आणि गंज यांचे नाही. अपघातात ठोकर लागली असेल तर मिळतात, तेही पॉलिसी सर्वंकष असेल तर. नुसत्या थर्ड पार्टीवर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही.

हिशोब असा होतो: रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापतात, आणि बिल ठोक असेल तर त्यातले २५ टक्के साहित्य धरतात. म्हणजे रंगाचं बिल १०,००० असेल तर २,५०० साहित्य, त्याचे निम्मे १,२५० कापले. वर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून. जीएसटी बाजूला ठेवला तर हातात ७,७५०. दहा वर्षांवरच्या गाडीचा पत्र्याचा भाग बदलला तर त्यावरही निम्मा घसारा लागतो. आणि क्लेम केला की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस जातो. एका पॅनेलसाठी क्लेम करण्याआधी हा हिशोब कागदावर मांडून बघा.

पासिंगच्या आधी रंगवू की नंतर?

आधी पासिंग होणार का ते बघा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये लागू झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. इंजिन धूर ओकत असेल किंवा तळ कुजला असेल तर आधी त्याचा निकाल लावा. पत्राकाम पासिंगच्या आधी, चमक नंतर केली तरी चालते.

किती दिवस लागतात? पावसाळ्यात करू का?

पूर्ण गाडीला दहा ते पंधरा दिवस. आमच्या गाडीला सतरा लागले. पावसाळ्यात शक्यतो नको. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, आणि लांबी ओलावा धरते. दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात चांगला.

स्प्रे बूथ हवाच का?

असेल तर उत्तम. बूथमध्ये धूळ बसत नाही आणि ६०-७० अंशांवर अर्ध्या-पाऊण तासात रंग बेक होतो. त्याचे चार-पाच हजार जास्त लागतात. आमची गाडी बंद शेडमध्ये, जमिनीवर पाणी मारून, पहाटे रंगवली. दोन-चार ठिकाणी धुळीचे कण बसले, ते दोन हजार नंबरच्या घासायच्या पेपरने घासून पॉलिशमध्ये निघाले. बूथ आहे पण घासाई वरवरची, यापेक्षा बूथ नसलेला पण हाताने कसून घासणारा माणूस मी निवडेन. मामा प्रायमर झाल्यावर पत्रा ओला करायचे, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यावर बघायचे आणि मग डोळे मिटून तळहात फिरवायचे. मला सपाट दिसत होता तो दरवाजा त्यांनी तीनदा परत घासायला लावला.

आणखी एक गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ फुप्फुसात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून त्याचं काहीच अडत नाही. गॅरेजात गन चालवणाऱ्या पोराकडे नीट मास्क आहे का ते बघा. नसेल तर वाफ अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क घेऊन द्या. चाळीस हजारांच्या कामात तो खर्च जड नाही.

विकण्याआधी रंगवली तर भाव जास्त येईल का?

येत नाही. पूर्ण रंगवलेली जुनी गाडी बघितली की गिऱ्हाईक अपघाताचीच शंका घेतं. मूळ रंगाच्या, चार ओरखडे असलेल्या गाडीला लोक जास्त मानतात. विकायची असेल तर धुवा, पॉलिश करा, बस.

गाडीची किंमतच ५० हजार, तर रंगाला ४० हजार का घालायचे?

बाजाराचा हिशोब केला तर घालू नका. मी घातले, कारण त्या गाडीतून आईला दवाखान्यात नेलं, बहिणीची पाठवणी त्याच गाडीतून झाली, आणि वडील आजही रविवारी तिचं बॉनेट उघडून पाणी-तेल बघतात. इंजिन चांगलं असेल, गाडी अजून सात-आठ वर्षं घरातच राहणार असेल, तर वर्षाला पाच हजार रुपये पडतात. तेवढ्यासाठी ती अंगणात गंजताना बघणं मला जमलं नसतं.

गाडी ताब्यात घेताना काय तपासू?

दिवसा उजेडी जा, संध्याकाळी नको. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानींवर आणि दरवाज्यांच्या खालच्या भागावर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबीचा जाड थर आहे. बाजूने तिरकं बघा: संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आणि ओघळ तसेच दिसतात. रबर बीडिंग उचलून कडा बघा. सगळे दरवाजे, काचा, वायपर, दिवे चालवून बघा. आणि पत्राकाम चालू असताना निदान दोनदा तरी गॅरेजात जाऊन या, मोबाइलवर फोटो काढा. प्रायमर मारल्यावर आत काय आहे ते कळत नाही. मी दुसऱ्या वेळी पाचदा गेलो, मामांनी दरवेळी चहा पाजला.

पैसे देताना निम्मे आगाऊ, पत्राकाम बघून काही, उरलेले शेवटी. बिलावर रंगाचं नाव, कोड आणि "टू-के" असं लिहून घ्या.

रंग झाल्यावर काय काळजी घ्यायची?

पहिला आठवडाभर गाडी धुऊ नका, कव्हर घालू नका, झाडाखाली लावू नका. पक्ष्याची घाण पडली तर लगेच साध्या पाण्याने काढा. महिनाभर वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक काही नको, आतलं थिनर पूर्ण उडून जायला तेवढा वेळ लागतो.

उरलेला रंग गॅरेजातून मागून घ्या, तुमच्या पैशाचा आहे. हार्डनर न मिसळलेला दोनशे मिली रंग काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून कपाटात ठेवा. आमच्या बाटलीतून आतापर्यंत दोन ओरखडे बुजले आहेत.